विरळ हवेतील चयापचय आणि जीवनसत्त्वांच्या पूरक मात्रा : एका लोकप्रिय गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची अभ्याससहल लडाखला गेली होती. सहलीपूर्वी पालकांच्या हाती सामानाची एक यादी देण्यात आली. लोकरी हातमोजे, कोल्ड क्रीम, टॉर्च यांच्या जोडीने तीत 'व्हिटॅमिन सी आणि ई, रोज एकेक गोळी, पंधरा दिवस आधीपासून' असाही उल्लेख होता. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, ही सूचना मात्र यादीत कोठेही नव्हती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी एका विद्यार्थिनीचे डोके दुखू लागले, दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशीचा खार्दुंग लाचा प्रवास रद्द करावा, असे सांगताच ती म्हणाली, "मॅडम, मी गोळ्या एकही दिवस चुकवलेल्या नाहीत. हे उंचीचं नाही, पित्त झालंय."

त्या मुलीला थांबविण्यात आले, विश्रांतीने ती बरी झाली आणि प्रसंग तेथेच संपला. परंतु तिच्या वाक्यातील तर्क मनातून गेला नाही. तो तर्क तिचा एकटीचा नव्हता. विरळ हवेमुळे शरीरात घातक द्रव्ये तयार होतात, जीवनसत्त्वे त्यांचा नाश करतात, म्हणून जीवनसत्त्वे घेणारा सुरक्षित असतो, असे हे त्रिपदी अनुमान आहे. वर्गात शिकविताना आपणही ते कळत-नकळत पुढे चालवीत असतो. या अनुमानाच्या तिन्ही पायऱ्यांची, उपलब्ध प्रयोगसिद्ध पुराव्याच्या आधारे, चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गृहीतकाची पार्श्वभूमी

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, हा समज अद्याप रूढ आहे. वस्तुतः ते प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. घटतो तो वायुदाब. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर असणारा दाब सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये जवळपास दोन तृतीयांश उरतो, तर १९८१ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजला गेला तेव्हा तो २५३ मिलिमीटर भरला. त्रास होतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब कमी झाल्यामुळे, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच सप्रयोग दाखविले होते.

भारतीय संदर्भात या विषयाला १९६२ च्या युद्धानंतर तातडीचे महत्त्व आले. मैदानी प्रदेशातील जवानांना अल्पावधीत अतिउंचीवर न्यावे लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तीव्र पर्वतीय आजाराच्या १,९२५ रुग्णांचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, ते जगभरच्या या विषयाच्या अभ्यासात आजही मूलभूत मानले जाते. या निबंधाचा एक धडा येथे नोंदविण्याजोगा आहे. आजारी जवानांच्या शरीरात पाणी साठून राहते असे दिसल्यावरून लघवी वाढविणारे फ्युरोसेमाइड हे औषध देण्यात आले. तर्क सुसंगत होता; तरीही पुढील अनुभवानंतर उंचीवरील फुप्फुससूजेसाठी अशा औषधांची शिफारस केली जात नाही. यंत्रणा पटण्याजोगी असणे आणि उपाय लागू पडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे सूत्र पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

जीवनसत्त्वांचा प्रवेश या क्षेत्रात मुक्त मूलकांच्या, म्हणजेच फ्री रॅडिकल्सच्या सिद्धान्तामार्गे झाला. रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्ये आणि डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये या मूलकांना अनुक्रमे ऑक्सिजनची विषबाधा व वार्धक्य यांच्याशी जोडले. ऑक्सिजन कमी असतानाही तंतुकणिकांतून ही मूलके अधिक प्रमाणात बाहेर पडू शकतात, असे पुढे दिसून आले. क आणि ई जीवनसत्त्वे परीक्षानळीत या मूलकांना निष्प्रभ करतात. मग उंचीवर जाणाऱ्याने ती का घेऊ नयेत, हा प्रश्न स्वाभाविकच होता.

प्रयोगांचा कौल

प्रारंभीचे निष्कर्ष आशादायक होते. सिमॉन-श्नास आणि पाब्स्ट यांनी १९८८ मध्ये गिर्यारोहकांच्या एका लहान गटाला ई जीवनसत्त्व देऊन त्यांच्या उच्छ्वासातील पेंटेन वायू मोजला. पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण झाल्याची ही एक खूण होय. जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ते कमी आढळले. बेली आणि डेव्हिस यांनी २००१ मध्ये एव्हरेस्टच्या तळछावणीकडे जाणाऱ्या १८ व्यक्तींवर प्रयोग केला. क, ई आणि लिपोइक आम्ल घेणाऱ्यांत आजाराची लक्षणे कमी, रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता अधिक आणि आहारही अधिक आढळला. दोन्ही गटांत मिळून १८ माणसे, ही संख्या मात्र निष्कर्षाचे ओझे पेलण्यास अपुरी होती.

तोच प्रश्न बेली (जॉन केनेथ बेली) आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर तपासला. नामसाधर्म्यामुळे मराठी वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे, की हे संशोधक वेगळे. बोलिव्हियातील मोहिमेत ८३ निरोगी स्वयंसेवक ५,२०० मीटर उंचीवरील चाकाल्ताया येथे गेले. उपचारगटाला दररोज १ ग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० एकक ई जीवनसत्त्व आणि ६०० मिलिग्रॅम लिपोइक आम्ल देण्यात आले. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. कोणाला काय मिळाले, हे ना स्वयंसेवकांना ठाऊक होते ना निरीक्षकांना. आजाराचे प्रमाण वा तीव्रता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या दोन प्रयोगांची तुलना करताना एका वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पहिल्या प्रयोगातील माणसे पायी, टप्प्याटप्प्याने चढली. दुसऱ्यातील ला पाझमध्ये काही दिवस थांबून नंतर वाहनाने झपाट्याने वर नेली गेली. तेव्हा संथ चढाईत या गोळ्यांचा अल्प उपयोग होतच नसेल, असे दुसऱ्या प्रयोगावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण या युक्तिवादाची दुसरी बाजूही पाहावी लागते. विमानाने दिल्लीहून लेहला उतरणारा आपला विद्यार्थी कोणत्या गटाशी मिळताजुळता आहे? निःसंशय दुसऱ्या. म्हणजे ज्या प्रवाशाला या गोळ्या सर्वाधिक आग्रहाने दिल्या जातात, त्याच्याच बाबतीत त्यांचा पुरावा सर्वांत कमकुवत आहे.

चयापचयातील जीवनसत्त्वांचे खरे स्थान

या अपयशाचे कारण शोधताना जीवनसत्त्वांविषयीच्या एका रूपकापाशी थांबावे लागते. पाठ्यपुस्तकांत क आणि ई जीवनसत्त्वे 'रक्षक' किंवा 'सैनिक' म्हणून येतात. श्वसनाच्या प्रकरणात मात्र त्यांचा उल्लेखही नसतो. ही फाळणी इतिहासालाही धरून नाही. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते जैविक ज्वलनक्रियेवरील संशोधनासाठी. क जीवनसत्त्वाचा शोध हा त्या कार्याचाच भाग होता. जीवनसत्त्व आणि श्वसन हे विषय मुळात एकाच टेबलावर जन्मले.

ग्लुकोजपासून बनलेले पायरूव्हेट क्रेब चक्रात नेणारे पायरूव्हेट डीहायड्रोजिनेज हे विकरसंकुल पाहू. त्याला थायामिन, रायबोफ्लेविन, नायसिन, पँटोथेनिक आम्ल या चार ब जीवनसत्त्वांपासून बनलेले सहविकर आणि लिपोइक आम्ल लागते. यांपैकी एकाचीही उणीव पडली तर चक्राचे दार अडते आणि लॅक्टेट साचू लागते. यावरून उंचीवर ब जीवनसत्त्वे अधिक घेतल्यास अधिक ऊर्जा मिळेल, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु ऑक्सिजन कमी होताच पेशी हे दार स्वतःच ओढून घेते. ऑक्सिजनन्यूनतेत सक्रिय होणारा एचआयएफ-१ हा घटक एका किनेज विकराची निर्मिती वाढवितो आणि ते विकर हे संकुल निष्क्रिय करते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र संशोधनांनी दाखविले. ऑक्सिजनच पुरेसा नसताना चक्राकडे इंधन लोटत राहणे हानिकारक ठरेल, म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. नियमनाने बंद झालेले दार अतिरिक्त सहविकरांनी उघडत नाही.

क जीवनसत्त्वाची कथा याहून बोधप्रद आहे. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशीला ऑक्सिजनची जाणीव कशी होते, याच्या उलगड्यासाठी. ही जाणीव करून देणाऱ्या प्रोलिल हायड्रॉक्सिलेज विकरांना काम करण्यासाठी ऑक्सिजन, लोह, २-ऑक्सोग्लुटारेट आणि ॲस्कॉर्बेट लागते. ॲस्कॉर्बेट म्हणजे आपले क जीवनसत्त्वच. त्याचे येथील काम लोहाला कार्यक्षम अवस्थेत ठेवण्याचे आहे. ऑक्सिजन मुबलक असताना ही विकरे एचआयएफवर खूण करतात आणि तो नष्ट होतो. ऑक्सिजन कमी झाला की खूण थांबते, एचआयएफ टिकतो आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीपासून नव्या रक्तवाहिन्यांपर्यंत अनुकूलनाची सारी कामे सुरू होतात. म्हणजे क जीवनसत्त्व हे विरळ हवेविरुद्ध लढणारे शस्त्र नसून, हवा विरळ आहे की नाही हे ओळखणाऱ्या यंत्रणेचा एक भाग आहे. यंत्रणेचा भाग नसेल तर ती बिघडेल, हे खरे. पण तो भाग दहापट पुरविल्याने ती दहापट चालेल, असे मानण्यास आधार नाही.

शिवाय तो दहापट साठतही नाही. मार्क लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निरोगी पुरुषांवर केलेल्या अभ्यासात रक्तातील पांढऱ्या पेशी दैनिक १०० मिलिग्रॅमलाच संपृक्त झाल्या. मोठ्या मात्रांतील बराचसा भाग मूत्रावाटे बाहेर पडला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचविलेली मात्रा पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. एका मध्यम पेरूतून ती भागून उरते.

मुक्त मूलके : केवळ शत्रू?

अनुमानाची पहिली पायरी, म्हणजे मुक्त मूलके केवळ घातक असतात ही समजूत, हीसुद्धा आता जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. नवदीप चंदेल, पॉल शुमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असे मांडले, की तंतुकणिकांतून बाहेर पडणारी ही मूलके ऑक्सिजनन्यूनतेची वार्ता पेशीकेंद्रापर्यंत पोहोचविण्यात भाग घेतात. या मांडणीच्या तपशिलांविषयी मतभेद आहेत. मात्र मूलके हा संदेशाचाही भाग असू शकतो, हे तत्त्व व्यायामाच्या अभ्यासातून स्वतंत्रपणे पुढे आले. रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम करावयास लावला. दररोज १ ग्रॅम क व ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत इन्शुलिन-संवेदनशीलतेत व्यायामाने अपेक्षित सुधारणा दिसली नाही. न घेणाऱ्यांत ती दिसली. पॉल्सेन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील ५४ जणांवरील ११ आठवड्यांच्या प्रयोगात स्नायूंतील तंतुकणिकांच्या वाढीच्या काही खुणा जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत मंदावल्या. पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली.

हे दोन्ही प्रयोग समुद्रसपाटीजवळचे आहेत, विरळ हवेतील नाहीत. त्यांवरून 'उंचीवर क आणि ई घेणे घातक' असे म्हणणे म्हणजे ज्या घाईवर आपण टीका करीत आहोत तीच उलट दिशेने करणे होय. त्यांतून एवढेच सिद्ध होते, की अँटिऑक्सिडंटांची मोठी मात्रा ही निरुपद्रवी पुरवणी आहे असे गृहीत धरता येत नाही. शरीराचे अनुकूलन ज्या संदेशांवर चालते, त्यांत ती ढवळाढवळ करू शकते.

उणीव आणि अतिरेक यांतील भेद

येथवरच्या विवेचनावरून जीवनसत्त्वांना उंचीवर काहीच महत्त्व नाही, असा अर्थ कोणी काढू नये. महत्त्व आहे, ते उणीव भरून काढण्याचे. ऑपरेशन एव्हरेस्ट २ या १९८५ मधील प्रयोगात स्वयंसेवकांना ४० दिवस दाब नियंत्रित करता येणाऱ्या कक्षात ठेवण्यात आले. थंडी नाही, चढाई नाही, रुचकर अन्न हाताशी. तरीही भूक मंदावून सरासरी सुमारे ७ किलो वजन घटले. जो महिनोन्महिने उंचीवर राहतो आणि ज्याला ताजी भाजी मिळत नाही, त्याच्या आहारात पूरक मात्रांना निश्चित स्थान आहे. थायामिनच्या उणिवेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. या उणिवेत ऑक्सिजन भरपूर असूनही लॅक्टेट साचते; पेशी जणू विरळ हवेत असल्यासारखी वागते. पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या मातांच्या अर्भकांत असा गंभीर आजार काश्मीरमधील डॉक्टरांनी नोंदविला आहे, आणि थायामिन दिल्यावर ती बालके झपाट्याने सुधारली. गोळी तीच, येथे ती जीव वाचविते, कारण येथे उणीव होती.

हाच निकष लोहाला लावला तर चित्र आणखी स्पष्ट होते. लोह हे जीवनसत्त्व नव्हे, परंतु वर उल्लेखिलेल्या विकरांत ते क जीवनसत्त्वाचे सहचर आहे. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पेरूतील ४,३४० मीटर उंचीवरील सेरो दे पास्को येथे समुद्रसपाटीवरील २२ पुरुषांना नेले. शिरेवाटे लोह मिळालेल्यांच्या फुप्फुसधमनीचा वाढलेला दाब ६ मिलिमीटरने उतरला. केवळ क्षारजल मिळालेल्यांचा उतरला नाही.

आता त्या यादीकडे पुन्हा पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किती व्यापक आहे, हे वारंवार दिसून आले आहे. उंचीवर तांबड्या पेशी वाढवायच्या तर लोह, ब-१२ आणि फोलेट हवे. म्हणजे जी उणीव आपल्या विद्यार्थ्यांत असण्याची शक्यता दाट होती, ती तपासलीच गेली नाही; आणि जे त्यांना बहुधा आहारातून मिळत होते, तेच गोळ्यांच्या रूपाने पुन्हा दिले गेले.

समारोप

उपरोक्त चिकित्सेतून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, ऑक्सिजनन्यूनतेत जीवनसत्त्वांची भूमिका सहविकर आणि नियामक यांची आहे. उणीव असेल तेथे ती भरून काढणे हितकारक, उणीव नसेल तेथे अतिरिक्त मात्रेने उंचीचा आजार टळतो असा विश्वसनीय पुरावा नाही. दुसरी, सिद्ध उपाय साधे आणि काहीसे कंटाळवाणे आहेत : ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक न वाढविणे, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबणे, गरज असल्यास वैद्यकीय सल्ल्याने ॲसिटॅझोलामाइड घेणे आणि लक्षणे वाढल्यास विनाविलंब खाली उतरणे. विकत घेता येणारी गोळी या संयमापेक्षा सोयीची वाटते, यातच तिच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे.

तिसरी गोष्ट आपणा अध्यापकांशी निगडित आहे. गोळीचा खरा धोका तिच्या रसायनात नव्हता. तो तिने दिलेल्या खोट्या निर्धास्तपणात होता. डोकेदुखी आणि उलटी ही शरीराने दिलेली स्पष्ट सूचना होती. ती 'पित्त' म्हणून बाजूला सारण्याचे धैर्य त्या विद्यार्थिनीला आले ते जीवनसत्त्वांविषयी आम्हीच शिकविलेल्या अर्धवट ज्ञानातून. त्या स्थितीत ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीकडे केलेला प्रवास मेंदूच्या वा फुप्फुसाच्या सुजेपर्यंत जाऊ शकला असता. जीवनसत्त्वे आणि श्वसन ही प्रकरणे वर्गात एकत्र शिकविली गेली, आणि सहलीच्या यादीत गोळ्यांच्या जागी हिमोग्लोबिनची तपासणी व दोन दिवसांची विश्रांती आली, तर या चिकित्सेचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.